ग्रिपचा स्क्रू जाम झाला की आधी ठरवा, काय गमवायची तयारी आहे

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात नेमबाजीबद्दल येतं ते बहुतेक मेडल मिळालं की येतं, आणि ते मी आवडीने वाचतो, पण ज्या पिस्तुलाने माणूस खेळतो त्याची निगा कशी राखायची यावर मराठीत वाचायला फार कमी मिळतं, म्हणून हे लांबलचक पत्र. विषय एकदम छोटा आहे. पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, बदलायची असते, नवीन लाकडी किंवा रबरी ग्रिप हातात असते, आणि जुन्या ग्रिपचा स्क्रू काही केल्या सुटत नाही. मग माणूस घरातला जो सापडेल तो स्क्रूड्रायव्हर घेतो, जोर लावतो, स्क्रूड्रायव्हर सटकतो, स्क्रूची खाच खाऊन जाते, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या मुख्य सांगाड्यावर, चरा पडतो, आणि तिथून पुढे काम बिघडतच जातं. रेंजवर अशी पिस्तुलं मी खूप बघितलीत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

मला एकच गोष्ट सांगायचीय. स्क्रू जाम असेल तर "किती जोर लावू" हा प्रश्न विचारूच नका, "यात काय गमावलं तर चालेल" हा विचारा. ग्रिपचा स्क्रू ही अख्ख्या पिस्तुलातली सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू आहे. त्याच्यानंतर जुनी ग्रिप, जी तुम्ही काढूनच टाकणार आहात. मग काही पिस्तुलांत असतं ते बुशिंग, म्हणजे फ्रेममधे बसवलेली आट्यांची छोटी नळी. आणि सगळ्यात शेवटी फ्रेम, जिचे आटे एकदा गेले की घरी काही करता येत नाही, आणि कायद्याच्या हिशोबाने काही देशांत फ्रेम म्हणजेच पिस्तूल. आता गंमत नाही ही, लोक नेमकं उलटं करतात, स्क्रू वाचवायला जातात आणि फ्रेमला इजा करतात.

कामाच्या आधी पिस्तूल रिकामं करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिले मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे. उलटं केलं तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, जाते आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. हे फक्त सुरक्षेसाठी नाही, पुढे जे पातळ तेल वापरणार आहात ते गोळीच्या प्रायमरपर्यंत, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत, झिरपलं तर गोळी निकामी होऊ शकते. एअर पिस्तूलवाल्यांनीही हलक्यात घेऊ नये, त्यांच्या हवेच्या सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाब असतो, तो काढून बाजूला ठेवा, बॅरलमध्ये छर्रा नाही ना ते बघा, मगच ग्रिपला हात लावा.

आता स्क्रू जाम का होतो ते. कारण वेगळं असलं की उपायही वेगळा, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. पहिलं कारण गंज. हाताचा घाम खारट असतो, तो ग्रिपच्या कडेने आत शिरतो आणि लाकडाखाली ओलावा धरून बसतो, वरून पिस्तूल चकचकीत दिसतं आणि आत स्क्रूच्या आट्यांत लाल भुकटी. दुसरं, जुनं तेल. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पिस्तुलात तेल सुकून वार्निशसारखं होतं. तिसरं, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू पोलादाचा, मधे घामाचं मीठ, मग दोन धातूंच्या संगतीनेच गंज चढतो, इथे लाल नाही तर पांढरी भुकटी दिसते. आणि चौथं, माझ्या मते आजकाल सगळ्यात जास्त दिसणारं, म्हणजे कुणीतरी आधी थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलेलं असतं आणि तेही नको तितकं. पाचवं पण आहे, लाकडी ग्रिप दमट हवेत फुगते आणि स्क्रूचं डोकं खालून दाबून धरते, पण त्यात स्क्रू एकदा किंचित हलला की सुटतोच.

तेल गंजावर आणि सुकलेल्या तेलावर चालतं. थ्रेडलॉकरवर चालत नाही. थ्रेडलॉकर आट्यांमधे घट्ट होऊन प्लास्टिकसारखं बसलेलं असतं, तेलाला आत जायला जागाच नसते, रात्रभर भिजवा नाहीतर आठवडाभर. त्याला उष्णता लागते. निळं थ्रेडलॉकर हे तसं हाताच्या हत्यारांनी सुटावं म्हणूनच बनवलेलं असतं, पण ग्रिपचा स्क्रू इतका बारीक आणि खाच इतकी उथळ की निळंसुद्धा भारी पडतं. लाल असेल तर साधारण 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय ते सोडत नाही, आणि ग्रिपच्या स्क्रूला लाल लावायचं काही कारणच नाही, हे ज्यांनी लावलं त्यांनी पुढच्या माणसाचा विचार केला नाही असं मी स्पष्ट म्हणतो.

सगळ्यात आधी मात्र स्क्रूड्रायव्हर. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझा अनुभव असा की जाम वाटणारे निम्मेअधिक स्क्रू जाम नसतातच, हत्यार चुकीचं असतं. घरातल्या साध्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेत घातलं की खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं, तळाला हवा. फिरवलं की त्या निमुळत्या बाजू टोकाला वर ढकलतात, सगळा भार त्या दोन पातळ कडांवर येतो आणि त्या वाकतात. बंदुकीच्या कामाचे बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बदलता येणारी टोकं, वेगळे असतात, त्यांच्या टोकाच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासून समांतर केलेल्या असतात, त्यामुळे बिट खाचेत तळापर्यंत भरून बसतो. जाडी अशी हवी की बिट खाचेत घातल्यावर डुगडुगणार नाही, रुंदी अशी की खाचेच्या लांबीला पुरेल पण बाहेर येऊन ग्रिपचं लाकूड खरवडणार नाही. असा बिट नेमका मिळाला नाही तर थोडा जाड बिट घेऊन बारीक कानशीने किंवा तेलाच्या दगडावर घासून त्या एका स्क्रूसाठी बनवा, अर्धा तास जातो पण तो सार्थकी लागतो.

षटकोनी खाचेच्या स्क्रूचं दुखणं निराळं. 1911 जातीच्या, म्हणजे कोल्टच्या त्या जुन्या मॉडेलच्या धाटणीच्या, पिस्तुलांच्या षटकोनी स्क्रूंना बऱ्याचदा 3/32 इंचाची एलन की लागते, म्हणजे 2.38 मिलिमीटर. आपल्या डब्यात मिलिमीटरच्या किया, त्यातली 2.5 आत जात नाही आणि 2 ची आत फिरते, माणूस 2 ची घालून जोर लावतो आणि षटकोनाचा गोल होतो. टॉर्क्समधे (ताऱ्यासारख्या खाचेत) पण शेजारशेजारचे नंबर इतके जवळचे असतात की लहान नंबरचा बिट बसल्यासारखा वाटतो. नियम असा, आत जाईल तो सगळ्यात मोठा बिट घ्यायचा. आणि कुठलीही खाच असो, आधी आतला कचरा काढा. सुई घ्या, टूथपिक घ्या, जुनं पॉलिश, तेलाचं किटण, लाकडाचा भुसा सगळं उकरून काढा. खाचेच्या तळाला किटण असेल तर बिट पूर्ण बसतच नाही, आणि तो अर्धवट बसलेला बिटच सटकतो.

पिस्तूल हातात धरून स्क्रू खोलू नका. टेबलावर जाड कापड किंवा रबरी मॅट, त्यावर पिस्तूल आडवं, खालच्या बाजूच्या ग्रिपला आधार मिळेल असं. स्क्रूड्रायव्हर अगदी उभा, आणि फिरवण्यापेक्षा खाली दाबायला जास्त ताकद. मग एक गोष्ट करा जी ऐकायला विचित्र वाटते, आधी स्क्रू किंचित आवळायच्या दिशेने दाबून बघा, अगदी केसभर. गंजाची पकड कुठल्याही दिशेने हलली तरी तुटते. पकड तुटली की हाताला कळतं, मग उलटं फिरवा. हलत नसेल तर बिट खाचेत ठेवून मागून छोट्या पितळी हातोडीने टकटक करा, ठोके हलके पण पुष्कळ, धक्क्यांनी गंज भुगा होतो. मोठं इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र या कामाला नको, ते गाडीच्या स्क्रूंसाठी आहे, इथे तो स्क्रूच तुटेल.

ज्यांच्याकडे ड्रिल प्रेस म्हणजे उभं ड्रिल मशीन आहे त्यांच्यासाठी एक युक्ती फार गुणाची आहे. मशीनचा प्लग काढून ठेवायचा, चकमधे ड्रिलऐवजी बिट लावायचा, पिस्तूल खाली नीट बांधायचं, हँडलने बिट खाचेत घट्ट दाबून धरायचा आणि चक हाताने फिरवायचा. बिट वर यायला जागाच राहत नाही, तिरका व्हायचा प्रश्न नाही. हट्टी स्क्रू यात निमूट फिरताना मी बघितलेत. प्लग काढलाय ना हे दोनदा बघा फक्त.

तेल घालायचं तर स्प्रे मारू नका. सुईच्या टोकाने एक थेंब, स्क्रूच्या डोक्याच्या कडेला, आणि रात्रभर सोडा. भसाभस मारलं की ते लाकडात मुरतं, काळा डाग पडतो, शिवाय आत ट्रिगरच्या भागात जाऊन धूळ धरतं. डब्ल्यूडी 40 सगळ्यांच्या घरी असतं आणि सगळे तेच मारतात, पण ते 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं होतं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे तेच, जाम सोडवण्यासाठी मुद्दाम बनवलेलं पातळ तेल त्याच्यापेक्षा चांगलं काम करतं. 1911 मधे आणखी एक सोय आहे, मॅगझिन काढल्यावर आतल्या पोकळीतून बघितलं तर बुशिंगची मागची बाजू दिसते, स्क्रूचं टोकही दिसतं, तिथून आतल्या बाजूने थेंब सोडला तर तेल थेट आट्यांना लागतं आणि ग्रिपलाही डाग नाही.

उष्णतेसाठी ब्लो टॉर्च किंवा लायटर अजिबात नको, फ्रेमचा रंग जाईल, लाकूड करपेल, पॉलिमर असेल तर वितळेल. सोल्डरिंग आयर्न घ्या. त्याचं गरम टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवायचं, उष्णता स्क्रूमधून खाली आट्यांपर्यंत जाते. थ्रेडलॉकर असेल तर गरम असतानाच फिरवायचं, थांबलात तर ते परत घट्ट होतं. गंज असेल तर तापवा, थंड होऊ द्या, परत तापवा, धातू फुगतो आकसतो तसा गंज मोकळा होतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधला पोलादी स्क्रू उष्णतेला बऱ्यापैकी दाद देतो. आणि आधी तेल मारलेलं असेल तर ते पूर्ण पुसल्याशिवाय आयर्न टेकवू नका, धूर होतो आणि पेटूही शकतं. प्लास्टिकची ग्रिप डोक्याभोवती वितळेल हे खरं, पण ती जाणारच आहे ना.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढं सगळं करून स्क्रू हलला नाही, किंवा खाच आधीच कुणी खाऊन ठेवलीय, तर बलिदान द्यायची वेळ आली आणि ते क्रमाने द्यायचं. पहिला स्क्रूच्या डोक्याचा नंबर. खाच थोडीच खराब असेल तर बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट लावून बघा, पकड वाढते. नाहीतर बारीक करवतीने किंवा कानशीने जुनी खाच खोल करा. तेही नाही जमलं तर डोकं ड्रिलने उडवा. डोकं गेलं की ग्रिपवरचा ताण संपतो, ग्रिप वर निघून येते, आणि मागे स्क्रूचा जो खुंट उरतो तो कित्येकदा पक्कडीने धरून सहज फिरतो, कारण अर्धी पकड डोक्याखालच्या दाबाचीच होती. ड्रिल स्क्रूच्या दांड्यापेक्षा मोठं नको आणि डोक्यापलीकडे आत जायला नको, उलट्या फिरणारे डावे ड्रिल बिट मिळाले तर उत्तम, ते कापता कापता स्क्रू सोडवतात सुद्धा.

किंवा जुनी ग्रिप गमवा. हे लोकांच्या मनातच येत नाही. कंपनीची साधी प्लास्टिक ग्रिप असेल आणि ती परत कधीच लावायची नसेल तर ती स्क्रूभोवती हळूहळू कापून, तोडून काढा, मग स्क्रूचं डोकं बाजूने मोकळं होतं आणि लॉकिंग पक्कडीने धरता येतं, खाचेची गरजच नाही. मात्र जुनं, संग्रहातलं पिस्तूल असेल तर हे बिलकुल करू नका. मूळ ग्रिप हा त्या पिस्तुलाचा भाग आहे. ल्युगर पी 08 या जुन्या जर्मन पिस्तुलाच्या डाव्या ग्रिपचा सेफ्टीजवळचा कोपरा इतका नाजूक असतो की तो उडालेल्या ग्रिप जागोजागी दिसतात. असल्या पिस्तुलात स्क्रू पण मूळ असतो, तिथे माझा सगळा क्रमच बदलतो आणि काम सरळ जाणकाराकडे जावं.

छोटे स्क्रू एक्स्ट्रॅक्टर विकत मिळतात, भोक पाडून आत उलटे आटे फिरवायचे. मला ते या मापाला पटत नाहीत. एवढ्या बारीक मापाचा एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, आणि मग जो स्क्रू निदान कापता येत होता तिथे न कापता येणारा तुकडा बसतो.

1911 वाल्यांसाठी वेगळं सांगायलाच हवं, कारण यांची घबराट मी फार वेळा बघितलीय. यात ग्रिपचा स्क्रू फ्रेममधे जात नाही, फ्रेममधे छोटं बुशिंग असतं, एका बाजूला दोन असे चार, आणि स्क्रू बुशिंगमधे. स्क्रू फिरवता फिरवता अख्खं बुशिंगच बाहेर आलं की माणसाला वाटतं पिस्तूल मोडलं. मोडलेलं नाही. उलट हे बरं झालं, आता तो जाम स्क्रू फ्रेमच्या बाहेर आहे, बुशिंग लाकडाच्या किंवा पितळी जबड्यांत धरून सावकाश सोडवा, नाही सुटला तर दोन्ही टाकून नवीन बुशिंग लावा. जपायचं कुठे, तर परत लावताना. बुशिंगचे फ्रेममधले आटे इंचाला 60 असतात, म्हणजे एका आट्याची चाल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, ते तिरके चढायला क्षण लागत नाही. म्हणून आधी बुशिंग उलटं फिरवायचं, आटा आट्यावरून उतरल्याची बारीक टक हाताला लागते, तिथून सुलटं, आणि पहिले काही फेरे फक्त बोटांनी. हत्यार नंतर. थ्रेडलॉकर लावायचंच असेल तर या कामात ते बुशिंगच्या बाहेरच्या आट्यांना लावा, स्क्रूला नको, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू सुटेल आणि बुशिंग राहील.

ग्रिप निघाल्यावर खाली काय आहे ते माहीत असू द्या. बेरेटा 92 मधे उजव्या ग्रिपखाली ट्रिगर बारची (ट्रिगरला जोडलेल्या दांडीची) स्प्रिंग असते आणि ती ग्रिपच धरून ठेवते, ग्रिप झटक्याने उचलली की स्प्रिंग उडून कोपऱ्यात. 1911 ची डावी ग्रिप प्लंजर ट्यूबला (सेफ्टीच्या स्प्रिंगची छोटी नळी) आधार देते, नवीन ग्रिप तिथे नीट टेकली पाहिजे. मकारोव्हला मागून एकच स्क्रू. ग्लॉकसारख्या पॉलिमर पिस्तुलांत मूठ फ्रेममधेच घडवलेली, तिथे हा विषयच नाही.

नवीन स्क्रू लावताना मी काय करतो तेही सांगतो. जुना स्क्रू परत वापरत नाही, खाच जराही दबली असली तर नाहीच. आटे दातांच्या ब्रशने आणि स्पिरिटने साफ. पोलादी फ्रेम असेल तर स्क्रूला तेलाचं बोट, अ‍ॅल्युमिनियम असेल तर अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) किंवा ग्रीसचा पातळ थर. फायर करताना स्क्रू सैल होतो ही तक्रार खरी आहे, पण त्याला थ्रेडलॉकरपेक्षा डोक्याखाली छोटी रबरी ओ रिंग चांगली, ती स्क्रूला ताणून धरते आणि सोडताना त्रास देत नाही. थ्रेडलॉकरच हवं असेल तर जांभळं, ते बारीक स्क्रूंसाठीच असतं, आणि तेही टाचणीच्या टोकाएवढं. आवळायचं ते स्क्रूड्रायव्हर अंगठा आणि दोन बोटांत धरून, मूठ वळायची नाही. लाकडी ग्रिप जास्त आवळली तर स्क्रूच्या भोकातून चिरते.

आणि स्क्रूची लांबी बघा. नवीन ग्रिप पातळ असेल तर जुना लांब स्क्रू आत मॅगझिनच्या पोकळीत डोकावतो, मॅगझिन अडकतं किंवा त्यावर चरे पडतात. ग्रिप बसवल्यावर रिकामं मॅगझिन आत घालून बटण दाबायचं, ते आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे, अर्थात ज्या पिस्तुलात ते मुळात तसं पडतं त्यात. सेफ्टी, हॅमर, ट्रिगर रिकाम्या पिस्तुलावर चालवून बघायचे. दोन्ही बाजूंना सेफ्टी असलेल्या 1911 मधे उजव्या ग्रिपला आतून जागा कोरलेली लागते, ती नसली तर ग्रिप उचललेली राहते आणि माणूस ती बसवायला स्क्रू आवळत सुटतो, पुढचा जाम स्क्रू इथेच जन्माला येतो.

फ्रेममधे ड्रिल घालायची वेळ आली, आटे परत पाडायची वेळ आली, की तिथे थांबा आणि परवाना असलेल्या गनस्मिथकडे द्या. ते काम त्याचंच आहे, आणि बऱ्याच देशांत कायद्यानेही त्याचंच आहे. त्याच्याकडे नेताना तुम्ही काय काय लावलंय ते खरं खरं सांगा, तेल मारलं असेल तर तेल, तापवलं असेल तर तापवलं, त्यावरून त्याला पुढे काय करायचं ते कळतं.

शेवटी दोन विनंत्या. एक तुम्हाला, की क्रीडा पुरवणीत महिन्यातून एखादा कोपरा हत्याराच्या निगेला द्या, ग्रिप, स्क्रू, बॅरलची सफाई, साठवण, लिहिणारे जाणकार नक्की मिळतील आणि नव्याने खेळायला लागलेली पोरं ते वाचतील. दुसरी ग्रिप बनवणाऱ्यांना, की पाकिटावर स्क्रूला कुठला बिट लागतो आणि किती आवळायचा ते ठळक छापा, आणि स्क्रूंबरोबर तो एक बिटही द्या.

आपला,
एक नेमबाज वाचक